मोठ्या अक्षरांचं पवित्र शास्त्र : पाच वर्षं वापरून

साखरेमुळे पप्पांची नजर अधू झाली आणि जुन्या शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, बारीक ओळी त्यांना लागेनात. म्हणून विधानसभेचे निकाल लागले त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०१९ मध्ये, मी रिव्हाइज्ड भाषांतराचं मोठ्या टाइपातलं शास्त्र आणलं. काळं रेक्झिन, चेनचं कव्हर, कडेला प्रत्येक पुस्तकासाठी अंगठ्याएवढी खाच. तेव्हापासून ते रोज पहाटे उघडलं जातंय.

आधी उणं सांगते. वजन फार आहे. मांडीवर घेऊन म्हाताऱ्या माणसाला अर्धा तास बसवत नाही, आम्ही सुताराकडून उतरती चौकट करून घेतली. चेन दुसऱ्या वर्षी गेली, तेव्हा चेनवालं घेऊ नका. कागद पातळ आहे, त्याबद्दल पुढे सांगते. अक्षर मात्र फार सुंदर. ठळक, मोकळं, जोडाक्षरं एकमेकांवर चढलेली नाहीत. दानीएलाच्या पुस्तकातलं नबुखद्नेस्सर राजाचं नाव पप्पा आता न अडखळता वाचतात. शिवण इतकी पक्की, की स्तोत्रसंहितेचं एक पान सुटलेलं नाही.

हे शास्त्र घरात आलं आणि राज्यात गोंधळ सुरू झाला. राष्ट्रपती राजवट लागली. २३ नोव्हेंबरच्या शनिवारी आम्ही उठलो तर पहाटेच शपथविधी उरकलेला. दुसऱ्या दिवशी उपासना सुटल्यावर चर्चच्या फाटकातच माझ्या भावाची आणि चुलत्यांची जुंपली. घरी आल्यावरही भाऊ मोबाइल सोडेना. पप्पांनी नीतिसूत्रांच्या खाचेत अंगठा घातला आणि एकविसाव्या अध्यायाचं पहिलंच वचन मोठ्यानं वाचलं : राजाचं मन परमेश्वराच्या हाती पाटाच्या पाण्यासारखं आहे, तो हवं तिकडे ते वळवतो.

पप्पांनी तरुणपणी श्रीरामपूरकडे प्रवरेच्या डाव्या कालव्यावर लोकांच्या उसात दारं धरलीत. भंडारदऱ्याचं आवर्तन सुटलं की रात्रभर गुडघाभर चिखलात. एक वाफा भरला की फावड्यानं माती ओढून दार बांधायचं, पुढचं मोडायचं. ते भावाला म्हणाले, "अरे, पाणी केवढा आवाज करत येतं. नव्या माणसाला वाटतं, आता हे सगळं घेऊन जाणार. पण ते जातं कुठं? फावडं नेईल तिकडं. आणि फावडंवाला रात्रभर जागा असतो."

मी हे वचन शाळेपासून पाठ म्हणत आले. त्या दिवशी ते मला कळलं.

याचा अर्थ पप्पा हातावर हात ठेवून बसतात असा नाही. मतदानाला ते पहिल्या तासात जातात. आणि मे २०२३ मध्ये मणिपूर पेटलं, जळालेल्या चर्चेसची छायाचित्रं आली, तेव्हा पाटाच्या पाण्याचं वचन त्यांनी कुणाला ऐकवलं नाही. कित्येक दिवस ते दहाव्या स्तोत्रावरच थांबले. त्याची सुरुवातच गाऱ्हाण्यानं आहे : देवा, संकटाच्या वेळी तू लांब का उभा राहतोस? रिबीन तिथेच असायची. मी काही विचारलं नाही. देवावर भरवसा ठेवणारा माणूस देवाला असंही विचारू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

आता कागदाचं. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल सांगतो, राजांसाठी आणि सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. त्या वचनाशेजारी समासात पप्पा मुख्यमंत्र्यांचं नाव पेन्सिलीनं लिहितात, मत कुणाला दिलं होतं ते न बघता, आणि रोज त्या नावानं प्रार्थना करतात. २०१९ च्या नोव्हेंबरात फडणवीस लिहिलं आणि आठवड्याच्या आत खोडून ठाकरे लिहिलं. जून २०२२ च्या शेवटच्या दिवशी शिंदे. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा फडणवीस. खोडरबरानं तिथला कागद आता इतका झिजलाय, की उजेडाकडे धरला तर मागच्या पानाची अक्षरं दिसतात. मी म्हटलं, "पप्पा, चिठ्ठीवर लिहून आत ठेवत जा." ते नको म्हणाले. आता ते पेन्सिल आधी बोटावर घासून टोक बोथट करतात आणि मग अलगद लिहितात.