ठुशीची पाच पिल्लं, पावडरचा डबा आणि साडेचारशेचा वजनकाटा

पाचातले स्टार द्यायचे तर काट्याला साडेचार, पावडरीला तीन, आणि पावडरीसोबत आलेल्या बाटलीला एकही नाही. आता सविस्तर.

मी ठाण्यात चरईत राहते आणि गोखले रोडवर एका सराफाच्या दुकानात गेली १९ वर्षं काउंटरला आहे. दिवसभर वजनं करायची, चिठ्ठ्या लिहायच्या. त्यामुळे घरात कुत्री आली तेव्हा तिचं नाव ठुशी पडलं, कारण गळ्याशी घट्ट बसलेला पिवळा पट्टा. दोन वर्षांपूर्वी पावसात जिन्याखाली सापडलेली, अस्सल गावठी. तिच्या नसबंदीच्या ऑपरेशनची तारीख मी घेणारच होते, पण त्याआधी तिनंच आम्हाला तारीख दिली. जुलैत, एका रविवारी पहाटे, मागच्या गॅलरीत सासूबाईंच्या जुन्या गोधडीवर व्याली. पाच पिल्लं. लफ्फा आणि गोफ हे दोन नर, वाकी, बुगडी आणि शेवटची चमकी. चमकी म्हणजे नाकातली. तेवढीच होती ती.

सोमवारपासून रडारड सुरू झाली. पोट भरलेलं पिल्लू झोपतं. ही पाचही आचळं धरायची, सोडायची, पुन्हा धरायची आणि किंचाळायची. ठुशी पहिलटकरीण, तिला काही उमजेना. शेजारच्या काकू म्हणाल्या, म्हशीचं दूध पाणी घालून पाजा. कोणी म्हणालं सरळ परळच्या बैलघोडा हॉस्पिटलला न्या. पाचपाखाडीतल्या आमच्या डॉक्टर मॅडम संध्याकाळी घरी आल्या, ठुशीचं सगळं तपासलं. ताप नाही, आचळांत गाठ नाही, वार आत राहिलेली नाही. दूध उतरलेलंच कमी होतं. म्हणाल्या, "पिल्लांना या पावसात कुठं नेऊ नका. वजन किती आहे त्यांचं?"

मला सांगता येईना. १९ वर्षं वजनावर पोट भरणाऱ्या बाईला! मी म्हटलं, बरी वाटतायत की हाताला. त्यावर त्या जे हसल्या ते मला लागलं. आमच्याकडे गिऱ्हाईक "हाताला जड लागतंय" म्हणालं की आम्ही असेच हसतो.

त्याच संध्याकाळी दोन खरेद्या झाल्या. ह्यांनी पेट शॉपमधून कुत्र्याच्या पिल्लांची दूध पावडर आणली, डबा अकराशे पन्नास रुपयांचा. मी जांभळी नाक्याच्या बाजारातून भांड्यांच्या दुकानातला पांढरा डिजिटल काटा आणला, साडेचारशेचा. दहा किलोपर्यंतचा, एक ग्रॅमचा फरक दाखवणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. केक करणाऱ्या बायका वापरतात तोच.

दुसऱ्या दिवशी काटा पिशवीत घालून दुकानात नेला आणि शिक्क्याची वजनं ठेवून पाहिली. ५० ला ५०, १०० ला १००, २०० ला २००. ताटलीच्या कडेला ठेवलं तर २०१. मालक म्हणाले, या किमतीत आणखी काय पाहिजे. खोट एकच सापडली: चिमूट चिमूट टाकत गेलात तर त्याला पत्ताच लागत नाही, शून्यच दाखवत बसतो. एकदम टाकलं की बरोबर. पिल्लू एकदमच ठेवतो आपण, तेव्हा चालून जातं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. पिल्लू ताटलीवर नुसतं ठेवलं तर वळवळतं, आकडा नाचत राहतो. मी शिऱ्याचं स्टीलचं पातेलं घेतलं, आत फ्लॅनेलचा तुकडा घातला, काट्यावर ठेवून शून्य केलं आणि मग पिल्लू आत. उबेला येऊन ते तीन-चार सेकंद गप्प बसतं, तेवढ्यात आकडा वाचायचा. दुकानातली मागच्या वर्षीची डायरी होती, तिच्यात पाच खाने पाडले. सवयीनं शेवटच्या खान्यावर 'घट' लिहिलं गेलं. दागिना घडवताना सोनं झिजतं ती घट. इथं ती पिल्लांची.

सोमवारी रात्री चमकी १८२ ग्रॅम होती. आजच्या दहाच्या तोळ्यानं अठरा तोळे. मंगळवारी रात्री १७१. बुधवारी पहाटे १६३. जन्मानंतर पहिल्या दिवशी थोडं उतरलं तर समजू शकतो, पण दहा टक्क्यांच्या वर घट म्हणजे लगेच फोन करायचा, असं मॅडमनी सांगून ठेवलं होतं. १८२ चे दहा टक्के १८. ती १९ नं उतरली होती. बाकीचे चौघे खाली नव्हते, पण वरही नव्हते. लफ्फा २६४ वरून २६६. पिल्लू रोज साधारण पाच ते दहा टक्के वाढायला हवं आणि दहाव्या दिवसाच्या आसपास जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. हाताला यातलं काहीही कळलं नसतं. दिसायला पाचही सारखीच वळवळत होती.

फोनवर मॅडमचा पहिला प्रश्न होता, अंग गार आहे का? होतं. जीभही गार. मी बाटली तयारच ठेवली होती, त्या म्हणाल्या, बाटली खाली ठेवा. ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती म्हणून ठळक लिहिते: गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजायचं नाही. पहिल्या आठवड्यात त्यांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, कुडकुडणंसुद्धा जमत नाही. अंग गार पडलं की आतडी थांबतात आणि पाजलेलं पोटात तसंच राहतं. आधी ऊब, तीही सावकाश. थर्मामीटर लावला तर ३३.८ अंश सेल्सिअस. या वयात निदान ३५ च्या वर हवं. ह्यांनी तिला बनियनच्या आत छातीशी धरलं आणि खुर्चीत बसून राहिले. त्यात तीन वाजता लाइट गेली आणि पिल्लांच्या खोक्यावरचा बल्ब विझला. उरलेल्या चौघांसाठी रबरी पिशवीत गरम पाणी भरून टॉवेलात गुंडाळून ठेवली. चार वाजून दहा मिनिटांनी चमकी ३५.६ झाली आणि बनियनमध्ये मुतली. हे इतके खूश झाले की मला उठवायला आले. मी झोपलेच नव्हते. मग हिरड्यांवर साखरेच्या पाण्याचा थेंब, मग तीन मिली दूध.

पावडरीबद्दल. गाई-म्हशीचं का नको, तर कुत्रीच्या दुधात प्रथिनं गाईच्या साधारण दुप्पट, चरबी दुपटीच्याही वर, आणि दुधातली साखर मात्र कमी. म्हशीच्या दुधात चरबी जास्त असते, पण साखर तेवढीच, आणि त्या साखरेनं पिल्लं ढाळ लागून सुकतात. पाणी घातलं तर जे कमी आहे ते आणखी कमी. ही पावडर त्या मानानं चांगली, वास बरा, एकाही पिल्लाला ढाळ लागली नाही. दोन स्टार कापले ते चमच्यासाठी. डब्यात प्लास्टिकचा चमचा आहे आणि डब्यावर लिहिलंय, 'एक चमचा'. सपाट की शीग लावून? काट्यावर सपाट पाच ग्रॅम भरला, शिगेचा आठ. हा फरक थोडा नाही! घट्ट झालं तर पोट बिघडतं, पातळ झालं तर पिल्लू उपाशीच. मी सपाट धरून काट्यावर वजन करूनच कालवत राहिले. पावडर आधी आणि पाणी वरून केलं तर गुठळ्या होतात; कोमट पाण्यात पावडर टाकून ढवळा. कालवलेलं फ्रिजमध्ये एकच दिवस.

बाटली मात्र फेकण्याच्या लायकीची. निपलला भोक एवढं की उलटी धरली की धार. पहिल्याच दिवशी बुगडीच्या नाकातून दूध आलं. ते फुप्फुसात गेलं असतं तर न्यूमोनिया. कंपनीचं नाव लिहीत नाही, तक्रार पाठवली आहे. मॅडमनी बिनभोकाचं निपल दिलं आणि सुई तापवून भोक पाडायला लावलं: उलटी धरल्यावर थेंब-थेंब पडला पाहिजे, धार नको, आणि बाटली दाबायची नाही. पाजताना पिल्लू पालथं, पोटावर, मान किंचित वर. आईच्या अंगाखाली असतं तसं. सासूबाईंनी चमकीला माणसाच्या बाळासारखं मांडीवर उताणं घेतलं होतं, त्यावर मॅडम ओरडल्या. सासूबाईंना कोणी ओरडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "अहो, चार पोरं पाजली मी," एवढंच म्हणाल्या आणि पिल्लू पालथं केलं.

प्रमाण वजनावर: दर १०० ग्रॅमला एका वेळी चार मिलीच्या वर नाही, दर दोन तासांनी, रात्री तीन. पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं खालून पुसायचं, नाहीतर शी-शू होत नाही; ते काम ठुशीनं तिसऱ्या दिवसापासून स्वतः उचललं.

सासूबाईंनी बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू वळायला घेतले, तेही तुपाचा हात सढळ ठेवून. मनुका घातल्या होत्या. कुत्र्याला मनुका-द्राक्षं मूत्रपिंडांवर जातात, तसाच शेपूच्या भाजीतला लसूणही नको. लाडू आम्ही खाल्ले. ठुशीला पिल्लांचं खाणं, उकडलेलं चिकन, अंडं, दिवसातून चार-पाच वेळा, आणि पाण्याचं भांडं खोक्याला चिकटून, कारण ती पिल्लं सोडून उठायची नाही. एक गोळीही होती. मूळची उलटीवरची, पण तिनं दुधाचं संप्रेरक वाढतं. नाव विचारू नका, डॉक्टरांना विचारा.

मॅडमची अट होती, आधी आई, मग बाटली. पिल्लं ओढतात म्हणून दूध येतं. बाटलीनं पोट भरून ठेवलं तर ओढणार कोण. आणि इथं काट्यानं जे केलं ते पावडरीच्या डब्याला करता येत नाही. पिल्लू आईला लावायच्या आधी वजन, सुटल्यावर लगेच वजन. जो फरक तेवढं दूध पोटात. (मध्ये मुतलं तर हिशोब चुकतो. चुकला की ह्यांच्यावर ढकलायचा.) बुधवारी लफ्फा दोन ग्रॅम, गोफ तीन, वाकी एक, बुगडी शून्य, चमकी शून्य. बघणाऱ्याला वाटावं पाचही मस्त पितायत. मागच्या आचळांत दूध जास्त असतं म्हणून बुगडी आणि चमकीला मागे लावायला लागलो, लफ्फ्याला उचलून पुढे. तो दर वेळी सरपटत मागेच यायचा.

शनिवारी दुपारी लफ्फ्याला आईपासून काढून पातेल्यात ठेवला. नऊ ग्रॅम. मला वाटलं आकडा नाचतोय. पुन्हा ठेवला, नऊ. वाकी सात, गोफ आठ, बुगडी पाच. चमकी चार. मी दुकानात हे सांगितलं तर आमचा पॉलिशवाला म्हणाला, चार ग्रॅमला आज भाव काय आहे ते माहितीय ना. त्या दिवसापासून जेवढं आईकडून आलं तेवढं बाटलीतून वजा करत गेलो. बाराव्या दिवशी चौघांची बाटली बंद. लफ्फा अकराव्या दिवशी ५३०, दुपटीच्या वर. चमकीला दुपटीला सोळा दिवस लागले, आणि तिची बाटली एकविसाव्या दिवशी सुटली. डोळे मात्र तिनं सगळ्यांच्या आधी उघडले, खाष्ट आहे.

पावडरीचा डबा अर्धा उरला. काटा नसता तर घाबरून दुसरा आणला असता.

काट्याचा अर्धा स्टार कापला तो सेलसाठी. सेल उतरत आले की तो बंद पडत नाही, खोटं बोलायला लागतो. नवव्या दिवशी पाचही पिल्लं एकदम १२ ग्रॅमनं कमी दाखवली आणि माझ्या पोटात गोळा आला. पाचांना एकदम एवढीच घट? पातेल्यात दुकानातलं १०० चं वजन टाकलं तर ९५. सेल बदलले, सगळी जागेवर. तेव्हा घरी माहीत असलेल्या वजनाचं काहीतरी ठेवा, मिठाची पुडी चालेल. आणि दोन मिनिटांनी तो आपोआप बंद होतो, शून्य परत करावं लागतं.

चौघं दोन महिन्यांची होऊन गेली, दोन वर्तकनगरला, एक कळव्याला, लफ्फा आमच्या मालकांकडे. चमकी इथंच आहे. ठुशीचं ऑपरेशन झालं. काटा सासूबाई स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत, तो गॅलरीत कपाटावर असतो. सेल खोक्यात येत नाहीत, वेगळे घ्यावे लागतात.