कोरडे डोळे: सीएमसीचे थेंब की स्निग्ध थेंब?

सीएमसी म्हणजे कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज, पाण्याला दाटपणा देणारा पदार्थ; स्निग्ध थेंबांत तेल असतं. दुकानात दोन्ही ‘कृत्रिम अश्रू’ म्हणूनच मिळतात, पण डोळ्यात गेल्यावर त्यांची कामं वेगळी.

अश्रूंचा थर जेमतेम ३ मायक्रॉन जाड. आत श्लेष्मा मिसळलेलं पाणी, वर तेलाचा पातळ पापुद्रा. सीएमसी पाण्याची भर घालतं, पृष्ठभागाला धरून राहतं, अश्रूंचा वाढलेला खारटपणा उतरवतं. मुळात अश्रूच कमी येत असतील तर हेच बरं. १ टक्क्याचं ०.५ पेक्षा जास्त टिकतं, पण काही वेळ धूसर दिसतं. गाडी काढण्याआधी नकोच.

पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी तुंबल्या असतील तर गोष्ट निराळी. पाणी असतं, पण भराभर उडून जातं. चुरचुरलेला डोळा उलट पाणावतो, त्यामुळे हा कोरडेपणा आहे हे अनेकांना पटतच नाही! पापणी न लवता थर १० सेकंदांच्या आत फाटत असेल, तर तो अस्थिर समजतात. तिथे नुसतं सीएमसी म्हणजे गळक्या माठात पाणी ओतणं. दुधाळ स्निग्ध थेंब वरचा पापुद्रा सावरतात. बाटली मात्र आधी हलवायची. पापण्यांना गरम शेकही हवाच, कारण तुंबलेल्या ग्रंथी थेंबांनी मोकळ्या होत नाहीत.

दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील, तर दोन्हींपैकी काहीही घ्या, पण बेन्झाल्कोनियम क्लोराइड (थेंब टिकवण्यासाठी घालतात ते प्रिझर्व्हेटिव्ह) नसलेलं. हे प्रिझर्व्हेटिव्ह तेलाचा थरच बिघडवतं.