‘ओरिजिनल’ बॅटरीचा १,८०० रुपयांचा चुना

दादर स्टेशनबाहेर ‘वीस मिनिटांत बॅटरी बदलून मिळेल’ अशा पाट्या जागोजागी दिसतात. तिथल्याच एका दुकानात माझ्या आईला १,८०० रुपयांना गंडवलं.

मे महिन्यात तिचा फोन तापायचा, दुपारीच चार्जिंग उतरायचं. दुकानदाराने फोनच्या पाठीवर तापमान मोजायची बंदूक रोखली, ४३चा आकडा दाखवला. "काकू, बॅटरी गेली. आज बदलली नाही तर मदरबोर्ड जळेल." अहो, जाड कव्हरसकट चार्जिंगला लावून तासभर व्हिडिओ कॉल केला की मुंबईच्या उकाड्यात चांगला फोनही चाळिशी गाठतो! आईचा तोच उद्योग चालायचा. त्यात लोकलमध्ये रेंज सारखी जाते-येते, तेव्हा टॉवर धरून ठेवण्यात फोन बॅटरी खातो. कव्हर काढा, चार्जिंगवर असताना बोलू नका, एवढं सांगून भागलं असतं. पण त्यात त्याला काय मिळणार?

फोन पडद्यामागे गेला. जुनी बॅटरी मागितली, तर "ती कंपनीत जमा होते". बिलाच्या जागी चिठ्ठी: ‘ओरिजिनल, ६ महिने गॅरंटी’. ना शिक्का, ना दुकानाचं नाव.

काही दिवसांतच तीस टक्क्यांवर फोन धाडकन बंद पडू लागला. गणपतीपर्यंत मागचं पॅनल कडेने उचललं गेलं. दुकानात नेला तर, "पाणी गेलंय, गॅरंटीत बसत नाही."

लॅमिंग्टन रोडच्या कारागिराने माझ्यासमोर पॅनल गरम करून सोडवलं. बॅटरी उशीसारखी फुगलेली. त्याने नखाने वरचं लेबल सोललं. वरच्या लेबलावर क्षमता ५००० एमएएच, खालच्यावर ४०००, आणि मॉडेल भलतंच. वरच्या लेबलावरचा ‘आर’ने सुरू होणारा आठ आकडी नोंदणी नंबर भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला, नोंदच सापडली नाही. पैसे देण्याआधी एवढं कुणालाही तपासता येतं. जुनी बॅटरी मात्र हातात घेतल्याशिवाय दुकान सोडू नका. तिच्यावर नवं लेबल चिकटवून तीच पुढच्याला विकतात, असं कारागीर म्हणाला. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यातही टाकू नका. आत गॅस असतो, भोक पडलं तर पेट घेते.

यूपीआयची पावती भलत्याच माणसाच्या नावावर होती. ती समोर धरल्यावर दुकानदाराने मुकाट्याने गल्ल्यातून ५०० काढले. उरलेल्या १,३०० साठी ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवली आहे.