पंचेचाळिशीनंतरचं कपाट: हातमागाची साडी, शिवून घेतलेला कुर्ता की रेडिमेड?

माझ्या कपाटात 37 ब्लाउज आहेत. त्यांतले, घालून बसच्या दांडीला आरामात लटकता येईल असे 9. हा हिशेब परवा केला, कारण एका मैत्रिणीने विचारलं, "वीस हजार बाजूला काढलेत. लेक शिकायला बाहेर गेली, आता जरा माझ्यासाठी कपडे घेते. पण आयुष्यभर सेलमध्ये मिळेल ते घातलंय गं. साड्यांवर यावं, कुर्ते शिवावेत की सरळ रेडिमेड?" तिचं वय 47, बँकेत काउंटरवर नोकरी, रोज लोकल.

आधी एक गोष्ट बाजूला सारते. या वयात फिके रंग घालावेत, मोठी नक्षी नको, असले सल्ले फुकट मिळतात आणि त्यांची किंमतही तेवढीच. माझी आजी सत्तरीत गर्द हिरवं इरकली लुगडं नेसायची आणि लग्नाच्या मांडवात लांबूनही ओळखू यायची. रंग तुम्हाला हवा तो घ्या. ठरवायचं ते वेगळंच: एखाद्या साध्या मंगळवारी, घाईत, उकाड्यात, तुम्ही काय चढवणार.

उकाडा म्हटलं ते हवेपुरतं नाही. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास. त्याच्या आधीची काही वर्षं आणि नंतरचीही, बऱ्याच जणींना बसल्या जागी अंगातून वाफ निघाल्यासारखं होतं. तिथे पॉलिस्टर नकोच. रेडिमेडमध्ये हा घोळ फार. बाहेरून सुती दिसणाऱ्या कुर्त्याच्या आत, बाजूच्या शिवणीत, नखाएवढी पट्टी असते, ती वाचा. 'कॉटन ब्लेंड' लिहिलं असेल तर पुढचे टक्के बघा. रेयॉन चालतं, घाम टिपतं, पण स्वस्तातलं असेल तर सात-आठ धुण्यांत लोंबायला लागतं. शिवून घेताना कापड तुम्हीच निवडता, म्हणून ही कटकट नाही. साडीत पोट-पाठ मोकळी राहते, पण वर तंग, अस्तर लावलेला ब्लाउज आणि खाली कमरेला आवळलेली परकराची नाडी, हेही धरा.

मापाच्या बाबतीत मात्र साडीसारखी समजूतदार कुणी नाही. साडेपाच मीटरच्या कापडाला तुमचं वजन सहा किलोने वाढलं काय नि घटलं काय, फरक पडत नाही. अडतं ते ब्लाउजपाशी. त्यामुळे शिवतानाच दोन्ही बाजूंना इंचभर मार्जिन ठेवायला सांगा. शिवलेल्या कुर्त्यातही तसं सांगता येतं. रेडिमेडमध्ये शिवणीपलीकडे कापड जेमतेम असतं, आणि एका ब्रँडची एक्सएल दुसऱ्याची एल निघते.

साड्यांमध्येही सगळ्या एका माळेच्या नाहीत. लोकलने जाणारीने चंदेरी रोजच्यासाठी घेऊ नये. झिरझिरीत, नाजूक, कुणाच्या पर्सच्या चेनमध्ये अडकली की संपलं. मंगळगिरी सुती, अंग साधं, काठ जरीचे. रुबाब आहे, पण खळ-इस्त्री मागते. इरकल दणकट. तिचं अंग सुती आणि पदर रेशमी (हल्ली बहुतेक कृत्रिम रेशमाचा). दोन्हींचे ताणे, म्हणजे उभे धागे, एकमेकांत फासे अडकवून जोडतात, त्याला 'कोंडी' म्हणतात. तो लाल-पांढरा 'टोप तेणी' पदर हीच तिची सही. माझं मत विचाराल तर ऑफिससाठी महेश्वरी. रेशमाचा ताणा आणि सुती बाणा (आडवे धागे), म्हणून हलकी, खळीशिवाय चोपून बसते. शिवाय पारंपरिक महेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी सारखा, घाईत उलटी नेसलात तरी बोभाटा नाही. अहिल्याबाई होळकरांनी महेश्वरला विणकर वसवले तेव्हापासूनची ही परंपरा. फक्त हातमाग म्हणून यंत्रमागाची साडी सर्रास गळ्यात मारतात; हँडलूम मार्कची (अस्सल हातमागाच्या सरकारी खुणेची) पट्टी मागायला संकोचू नका.

आता शिवण्याबद्दल, कारण खरी मेख इथेच आहे. बाई चाळिशी ओलांडते आणि शिंप्याकडे जायचं टाळते, ते टेपमुळे. गेल्या दिवाळीत माझ्या शिंप्याने दंडाला टेप लावली, वही बघितली आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "ताई, इथे अर्धा इंच सोडतो." त्या अर्ध्या इंचाने मी सुखी झाले. त्याआधी चार वर्षं जुन्या मापावर शिवून घेत होते आणि दोष बाहीला देत होते.

त्यानेच दुसरी गोष्ट शिकवली. बाही काचते म्हणून आपण मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा गोल, खोल करायला सांगतो, आणि तिथेच फसतो. मुंढा जितका खाली, तितका हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर ओढला जातो. मुंढा काखेच्या जवळ हवा आणि बाही वर दंडाशी सैल. वरच्या 37 मधले 28 ब्लाउज या एका गोष्टीवर नापास आहेत. रेडिमेडमध्ये तर मुंढा सगळ्यांना चालावा म्हणून बहुधा ऐसपैसच कापतात.

शिवायला कापड 44 इंची पन्ह्याचं (रुंदीचं) असेल तर अडीच मीटर पुरे; हातमागाच्या कापडाचा पन्हा कमी निघू शकतो, विचारून घ्या. सुती कापड शिंप्याकडे नेण्याआधी रात्रभर भिजवून, वाळवून न्या. आटायचं ते आधीच आटू दे. आणि खिसा सांगा. उजव्या बाजूच्या शिवणीत, फोन उभा मावेल इतका. रेडिमेडवाल्यांना बायकांना हात असतात हे कळलंय, त्या हातांत काहीतरी असतं हे अजून कळायचंय.

पैशाचं गणित माझ्या अलीकडच्या खरेदीवरून सांगते. बरा सुती रेडिमेड कुर्ता 1,200 च्या आसपास. शिवून घेतला तर कापड आणि शिलाई धरून 1,500. हातमागाची महेश्वरी, फॉल-पिको आणि ब्लाउजसकट 4,500 च्या खाली क्वचितच. म्हणजे वीस हजारांत रेडिमेड सोळा, शिवलेले तेरा, साड्या चार. वरून साडीला दर वेळी इस्त्रीवाल्याचे पैसे आणि नेसायला सकाळची दहा मिनिटं.

मैत्रिणीला मी सांगितलं: सहा कुर्ते शिव, दोन साड्या घे, पँट आणि पलाझो रेडिमेड. सहाही कुर्त्यांना एकच गळा, एकच बाही; रंग मात्र हवे ते. तिने बंद गळा आणि पाऊणबाही ठरवली, कारण मनगटावर वडिलांचं जुनं घड्याळ असतं आणि ते दिसावं असं तिला वाटतं. मला यातच तिची स्टाइल दिसली. 'काय शोभतं' हे ती गेली वीस वर्षं विचारत होती. घड्याळ दिसावं, हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही.

सगळ्यांनी हेच करावं असं नाही. ज्या रोज साडीच नेसतात, त्यांनी नवीन साडी न घेता चार ब्लाउज नीट शिवून घ्यावेत; जुन्या साड्याच बदललेल्या वाटतील. खणाचा एक ब्लाउज तर पाच साध्या साड्या उजळतो. ज्यांना ट्रायलच्या फेऱ्यांचा वीट आहे, त्यांनी खांद्यात बरोबर बसणारा रेडिमेड घ्यावा आणि बाजू आल्टर करून घ्याव्यात. खांदा चुकला तर दुरुस्ती जिकिरीची. परदेशात शिलाई परवडत नाही, तिथल्या मैत्रिणी सुट्टीत येताना अंगाला नीट बसणारा एक जुना कुर्ता नमुन्याला आणतात आणि त्यावरून पाच शिवून नेतात.

माझ्या बँकवाल्या मैत्रिणीच्या पहिल्या कुर्त्याची ट्रायल रविवारी आहे. तिथे हात वर करून बघ, असं बजावलंय. लाज वाटली तर पंख्याकडे बोट दाखव आणि म्हण, "फार आवाज करतो हो तुमचा."