उद्यम रजिस्ट्रेशन (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) : एकट्याने काम करणाऱ्यांनी काढावं का? माझा अनुभव

मी डोंबिवलीत घरून काम करते, मराठी सबटायटल्स, डबिंगच्या स्क्रिप्ट आणि जाहिरातींचे अनुवाद. आधी एका एजन्सीत होते, ती नोकरी गेली, कारण आता पहिला ड्राफ्ट मशीनच काढतं आणि माणूस फक्त तपासायला लागतो, तोही निम्म्या रेटने. मग ठरवलं की यापुढे स्वतःच्या नावावरच काम करायचं. जो तो सांगत होता लिंक्डइनवर लिही, लोगो कर, पर्सनल ब्रँड बनव. ते सगळं केलं. कामं यायला लागली, पैसे मात्र वेळेवर येईनात.

एका क्लायंटकडे माझे 38 हजार पाच महिने अडकले. फोन केला की "अकाउंट्सला पाठवलंय मॅडम", एवढंच. शेवटी आमच्या सीए काकांनी विचारलं, "अगं, तू उद्यम काढलंयस का?" मला वाटायचं ते कारखानेवाल्यांचं असतं. तसं नाही, सर्व्हिस देणारा एकटा माणूसही सूक्ष्म उद्योगात बसतो. 1 जुलै 2020 पासून ही ऑनलाइन नोंदणी आहे, आधार आणि पॅनवर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत, रिन्यू करायची भानगड नाही आणि फी शून्य. हे शून्य मुद्दाम सांगतेय, कारण गुगलवर शोधलं की सरकारी वाटतील अशा खासगी साइट्स येतात आणि हजार-दोन हजार मागतात. पत्ता नीट बघा, शेवटी जीओव्ही डॉट इन असलंच पाहिजे.

फॉर्म भरताना जाणवतं की तो बनवला कारखाना डोळ्यासमोर ठेवून. प्लांटचा पत्ता विचारतात, तिथे मी घराचा टाकला. किती माणसं कामाला? पुरुष 0, महिला 1. आणि उद्योगाचं नाव या रकान्यात मी बराच वेळ अडकले, आधी काहीतरी "क्रिएशन्स" टाईप केलं, मग ते खोडून माझं स्वतःचं नाव आणि आडनाव लिहिलं, कारण लोक मला त्याच नावाने काम देतात. क्यूआर कोडवालं सर्टिफिकेट आलं आणि त्यावर उद्योग म्हणून माझं नाव वाचलं तेव्हा खरंच भरून आलं, आईला लगेच दाखवलं.

आता फायदा काय ते. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यात खरेदीदाराने लेखी ठरलं असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि काहीच लेखी नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. त्यात इन्कम टॅक्समध्ये 43बी(एच) हे कलम आलं, म्हणजे मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च दाखवता येत नाही, त्यामुळे पैसे द्या म्हणून त्यांचे सीए स्वतःच मागे लागतात. मी आता प्रत्येक बिलावर उद्यम नंबर आणि खाली 45 दिवसांची एक ओळ टाकते. मागच्या महिन्यात पहिल्यांदाच असं झालं की एका कंपनीच्या अकाउंट्सवाल्यांनी स्वतःहून फोन करून सर्टिफिकेटची कॉपी मागितली, आणि नवव्या दिवशी पैसे जमा.

पण मागच्या बाकीला याचा उपयोग होईल असं धरून चालू नका. ते 38 हजार नोंदणीच्या आधीच्या कामाचे होते, ते तगादा लावूनच काढावे लागले. म्हणून म्हणते, पहिलं काम घ्यायच्या आधी नोंदणी करा, पैसे अडकल्यावर नाही. परदेशी क्लायंट असेल तरी हा नियम कामाचा नाही. आणि पैसे अडकले तर सरकारी पोर्टलवर तक्रार करता येते, पण तक्रार केली की तो क्लायंट बहुतेक परत येत नाही, हे धरूनच चाला.

नंबर मिळाला म्हणून काम मिळत नाही, ते आपल्या हातातच आहे. पण नाव कमवायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात घर चालावं लागतं, म्हणून माझ्याकडून पाचपैकी साडेचार. फॉर्म भरायला बसायच्या आधी आधारला कुठला मोबाईल नंबर जोडलाय ते बघा, माझा जुना बंद पडलेला नंबर होता, त्यामुळे ओटीपीसाठी आधी आधार केंद्रात रांग लावावी लागली.