स्कीमची टूर: बँकॉक, दुबई की सिंगापूर? गांजाचा कायदा बघून ठरवा

खरिपाचा हिशोब मिटला की बियाणं-खत कंपन्यांच्या स्कीमा लागतात, म्हणजे ठरलेला माल विकला की डीलरला परदेशी टूर. चोपड्यापासून शहाद्यापर्यंत कृषी केंद्रवाल्यांमध्ये मग एकच चर्चा: यंदा बँकॉक-पटाया घ्यायचं, दुबई घ्यायचं, की थोडे पैसे वर टाकून सिंगापूर नाहीतर बाली करायचं? हॉटेल, जेवण, खरेदी यावर सगळे मोठ्याने बोलतात. एक प्रश्न मात्र कोपऱ्यात नेऊन विचारला जातो: "भाऊ, तिकडे गांजा चालतो म्हणे?"

हा प्रश्न चारचौघांत विचारलेला बरा, कारण ज्याने आयुष्यात बिडीही ओढली नाही तोही यात अडकू शकतो. दुबईचा धोका घरून भरलेल्या बॅगेत असतो, बँकॉकचा परतीच्या बॅगेत, आणि सिंगापूरचा थेट अंगात.

थायलंडपासून सुरुवात करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. 9 जून 2022 ला थायलंडने गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला. वर्ष-दोन वर्षांत बँकॉक, पटाया, फुकेतच्या गल्ल्यांत हिरव्या पानाच्या पाट्यांची हजारो दुकानं झाली. आपल्याकडचे जे लोक तेव्हा जाऊन आले, त्यांनी गावात येऊन "तिथे सगळं खुलं आहे" असं सांगितलं. ते तेव्हाचं. जून 2025 च्या अखेरीस थायलंडच्या आरोग्य मंत्रालयाने नियम फिरवला. गांजाचं फूल आता डॉक्टरच्या किंवा तिथल्या मान्यताप्राप्त वैद्याच्या चिठ्ठीवरच विकता येतं, तेही औषध म्हणून. पाटी दिसते म्हणजे आत जाऊन मौज म्हणून घेता येतं असा अर्थ राहिलेला नाही. 0.2 टक्क्यांपेक्षा जास्त टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) असलेला अर्क तर मधल्या सैल काळातही अमली पदार्थच होता. सार्वजनिक जागी धूर काढून लोकांना त्रास दिला तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 25,000 बाथपर्यंत दंड होऊ शकतो. जाता जाता, व्हेप (ई-सिगारेट) तर खिशात ठेवूच नका. थायलंडमध्ये त्याच्या आयातीवर 2014 पासून आणि विक्रीवर 2015 पासून बंदी आहे.

खाण्याचंही बघा. ब्राउनी, कुकी, गमी असल्या वस्तूंच्या वेष्टनावर ते पान छापलंय का हे पाहिल्याशिवाय तोंडात टाकू नका. ओढलेल्याचा परिणाम लगेच कळतो. खाल्लेल्याचा तास-दीड तासाने कळतो, तोवर माणूस "काही होत नाही" म्हणत दुसरा तुकडा उचलतो. बीपी-शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या नानांना असं काही गंमत म्हणून खाऊ घालणारा मित्र टूरवर नसलेलाच बरा.

पण थायलंडचा खरा घोळ मुंबई विमानतळावर होतो. बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांकडून 'हायड्रोपोनिक' (मातीशिवाय, पाण्यावर वाढवलेला) गांजा पकडल्याच्या बातम्या अलीकडे सारख्या येतात. हवाबंद पाकिटं करून तो खाऊच्या डब्यांत आणि खेळण्यांत लपवलेला असतो. आणणारा बऱ्याचदा साधा माणूस असतो. कोणीतरी तिकीट-हॉटेल फुकट दिलं आणि येताना एक बॅग आणायला सांगितली, एवढीच त्याची गोष्ट. आपल्याकडे हे प्रकरण एनडीपीएस कायदा, 1985 म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली जातं. गांजा 1 किलोपर्यंत असेल तर ते प्रमाण अल्प, शिक्षा वर्षभरापर्यंत. त्यावर 10 वर्षांपर्यंत. 20 किलोच्या पुढे गेलं की व्यापारी प्रमाण, म्हणजे किमान 10 आणि कमाल 20 वर्षं, शिवाय लाखांत दंड. व्यापारी प्रमाणात कलम 37 मुळे जामीन मिळणंही मुश्कील. "बॅगेत काय होतं मला माहीत नव्हतं" हे सिद्ध करायची जबाबदारी कलम 35 प्रमाणे आरोपीवर येते. म्हणून परतीच्या दिवशी ग्रुपमधल्या कुणाचीही पिशवी आपल्या वजनात घेऊ नका, मग तो तालुक्यातला जुना ओळखीचा डीलर का असेना. सुरतेहून बँकॉकला थेट विमान मिळतं म्हणून नंदुरबार-नवापूरकडची मंडळी तिकडून जातात. सुरतेला उतरलं तरी कायदा हाच.

आणखी एक कलम फार कमी लोकांना माहीत असतं. एनडीपीएस भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकालाही लागू होतो, हे त्याच्या पहिल्याच कलमात लिहिलंय. परदेशात झुरका मारल्याबद्दल कोणी जळगावात पकडायला येईल असं मी म्हणत नाही. पण "तिथे केलं, इथे काय संबंध" हा दावा कायद्याच्या भाषेत टिकत नाही.

दुबईचं गणित उलटं आहे. तिथे हिरव्या पानाची पाटी नाही, त्यामुळे मोहही नाही. तिथे फसते ती आपली खान्देशी पिशवी. खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंद आहे. आणि आपल्या काळ्या मसाल्यात, मटणाच्या रश्श्यात बहुतेक घरांत खसखस असते. घरून मसाल्याचं पाकीट, बिबडे, शेंगदाण्याची चटणी बांधून देणाऱ्या काकूंना आधी हे सांगा. बिबडे खुशाल न्या, मसाला बिनखसखशीचा करून घ्या किंवा घरीच राहू द्या. औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉलसारखी दुखण्याची गोळी तिथे नियंत्रित आहे. ती लागतच असेल तर डॉक्टरची चिठ्ठी पुरत नाही, तिथल्या सरकारची आधी परवानगी काढावी लागते. गुडघेदुखीवाल्या अप्पांचा गोळ्यांचा डबा म्हणून निघण्यापूर्वी एकदा उघडून बघायचा.

गांजावर अमिरातीने 2022 पासून कायदा थोडा सैल केला, पण आपल्या मापाने तो कडकच आहे. पहिल्यांदा सेवन सिद्ध झालं तर किमान 3 महिने कैद किंवा 20,000 ते 1 लाख दिरहम दंड. रक्तात किंवा लघवीत अंश सापडला तरी तो ताब्यात बाळगल्यासारखाच धरला जातो. युरोपला जाताना दुबईत नुसतं विमान बदललं तरी तुम्ही त्याच कायद्याखाली असता.

सिंगापूर सगळ्यात स्वच्छ आणि सगळ्यात निर्दय. 500 ग्रॅमपेक्षा जास्त गांजाची तस्करी सिद्ध झाली तर फाशी, आणि ती दिलीही जाते. 2023 मध्ये सुमारे 1 किलो गांजाच्या प्रकरणात एकाला फाशी झाली. 15 ग्रॅमच्या वर सापडलं की विकायलाच आणलं असं धरून चालतात. सेवनाला 10 वर्षांपर्यंत कैद. खसखस इथेही आत जात नाही.

टूरवाल्यांपेक्षा यात जास्त अडकू शकतो तो तिथे नोकरी करून स्थायिक झालेला आपला पुतण्या. सिंगापूरचा नागरिक किंवा पीआर (कायम रहिवासी) परदेशात नशा करून आला तरी तिथल्या कायद्याने तो गुन्हाच असतो. होळीला गावी आला, मित्रांनी आग्रहाने भांगेची थंडाई पाजली, परत गेला, विमानतळावर लघवीची चाचणी झाली. भांगेची पानं आपल्या एनडीपीएसच्या 'गांजा'त मोडत नाहीत, सिंगापूरच्या व्याख्येत मात्र झाडाचा कुठलाही भाग येतो. अंश शरीरात कित्येक दिवस राहतो, रोज घेणाऱ्याच्या तर आठवडेही. त्याला आग्रह करू नका.

बालीबद्दल थोडक्यात. समुद्रकिनारा सैल, कायदा घट्ट. इंडोनेशियाच्या कायद्यात नुसता गांजा बाळगायला 12 वर्षांपर्यंत कैद आहे. किनाऱ्यावर कानाशी येऊन विचारणाऱ्याला उत्तरही देऊ नका.

नेपाळ स्कीमच्या यादीत नसतं, पण पशुपतिनाथाच्या यात्रेला आपल्याकडून बसच्या बस जातात. महाशिवरात्रीला देवळाच्या आवारात साधू चिलीम ओढताना दिसतात, म्हणून लोकांना ते चालतं असं वाटतं. 1973 पर्यंत तिथे परवानाधारक दुकानं होती, 1976 पासून कायद्याने बंदी आहे. पर्यटकाच्या हातातल्या चिलमीला साधूची सूट मिळत नाही. आणि सीमेवरून चरस आणण्याचा विचारही नको. आपल्याकडे चरसचं अल्प प्रमाण फक्त 100 ग्रॅम आणि 1 किलोच्या पुढे व्यापारी प्रमाण लागतं, गांजाच्या मानाने फारच खाली.

मुलं शिकायला ॲमस्टरडॅम किंवा जर्मनीला असतील आणि त्यांच्याकडे जाणार असाल तर एवढंच: नेदरलँड्समध्ये कॉफीशॉपमध्ये 5 ग्रॅमपर्यंत कानाडोळा करतात, जर्मनीत एप्रिल 2024 पासून 25 ग्रॅम जवळ बाळगता येतं, पण तिथल्या क्लबचं सभासदत्व रहिवाशांनाच. पर्यटकाने विकत घ्यायची कायदेशीर सोय जर्मनीत नाही. अमेरिकेत राज्याने परवानगी दिली असली तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे. व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याने विमानतळावर "कधीतरी घेतला होता" असं कबूल केलं तरी प्रवेश अडू शकतो.

मग घ्यायचं काय? बायको-मुलं बरोबर असतील तर मी सिंगापूर घेईन. मसाला घरी ठेवला की काळजी उरत नाही. वयस्क डीलर जास्त असतील तर दुबई, फक्त औषधांची यादी आधी तपासून. तरुण पोरांचा ग्रुप असेल आणि त्यातल्या दोघा-तिघांची खोड माहीत असेल, तर थायलंड टाळा किंवा कंपनीच्या माणसाला स्पष्ट सांगून ठेवा की परतीच्या बॅगा प्रत्येकाने स्वतः भरायच्या, स्वतः कुलूप लावायचं आणि काउंटरपर्यंत स्वतः न्यायच्या. थायलंडचा नियम तीन वर्षांत दोनदा फिरलाय, म्हणून निघायच्या आठवड्यात दूतावासाची सूचना पुन्हा वाचा.

पासपोर्टच्या झेरॉक्सच्या मागे त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा फोन लिहून खिशात ठेवा. अटक झालीच तर दूतावासाला कळवायला सांगणं हा 1963 च्या व्हिएन्ना कराराने दिलेला हक्क आहे. तो मागा, आणि भाषा कळत नसलेल्या कागदावर दुभाषा येईपर्यंत सही करू नका.