सीडीएन या अमेरिकेतल्या डायलिसिस नर्सिंगच्या परीक्षेच्या नावाखाली १,२१,६५० रुपयांना गंडा, डायलिसिसच्या सिस्टर लोकांनो नीट वाचा

आधी आकडे सांगते म्हणजे नंतर कुणी "किती गेले गं" विचारायला नको. रजिस्ट्रेशन २,५००, क्लासची फी ४०,००० आणि मग २५,०००, परीक्षा फी म्हणून ३१,४००, कागदपत्रं पडताळणी १४,७५० आणि शेवटी स्लॉट कन्फर्म करायला ८,०००. झाले १,२१,६५०. यातले ४०,००० भिशीचे होते, नंबर लागला त्याच आठवड्यात दिले, आणि २५,००० भावाकडून घेतलेत ते अजून फिटले नाहीयेत. सासरी फक्त "क्लास लावलाय" एवढंच माहीत आहे, किती भरले ते माहीत नाही, म्हणून नाव लिहीत नाहीये.

मी पुण्यात एका खाजगी हॉस्पिटलच्या डायलिसिस युनिटला आहे, जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, नऊ वर्षं झाली. फिस्टुला (डायलिसिससाठी हातावर तयार केलेली नस) टोचणं, आरओ प्लांटच्या टेस्ट, रात्री अडीचला इमर्जन्सी पेशंट लावणं, सगळं केलेलं आहे. हे मुद्दाम सांगते कारण ज्याला त्याला वाटतं फसणारा अडाणीच असतो. आमच्या युनिटमध्ये नऊ वर्षांनी पगार किती वाढतो ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे बाहेरच्या देशाचं नाव काढलं की कान टवकारतात, यात माझा काय गुन्हा आहे ते मला कळत नाही.

जाहिरात आली व्हॉट्सअ‍ॅपवर, नर्सेसच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड केली. "आंतरराष्ट्रीय सीडीएन सर्टिफिकेशन, पुण्यातच परीक्षा, पास होण्याची गॅरंटी, आखातात आणि अमेरिकेत डायलिसिस नर्सला प्राधान्य." ऑफिस सदाशिव पेठेत, अभ्यासिकांच्या गल्लीत, पहिला मजला, एसी, भिंतीवर नर्सेसचे हार घातलेले सत्काराचे फोटो. एक सर आणि एक मॅडम. मॅडम म्हणे स्वतः परदेशात दहा वर्षं डायलिसिसला होत्या. बोलायला इतक्या गोड की विचारू नका, मला पहिल्या दिवसापासून "ताई" म्हणायच्या.

आता सीडीएन म्हणजे काय ते सांगते, जे मला तिथे कुणीच सांगितलं नाही. सर्टिफाइड डायलिसिस नर्स, ही परीक्षा अमेरिकेतलं नेफ्रॉलॉजी नर्सिंग सर्टिफिकेशन कमिशन घेतं. परीक्षा खरी आहे, चांगली आहे, नाव आहे तिचं. पण बसायला अमेरिकेचं आरएन, म्हणजे रजिस्टर्ड नर्सचं लायसन्स लागतं, चालू आणि कुठलाही निर्बंध नसलेलं. त्यावर मागच्या दोन वर्षांत नेफ्रॉलॉजी (किडनीच्या) नर्सिंगचे २,००० तास आणि १५ तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन. म्हणजे आपल्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनवर या परीक्षेला बसताच येत नाही!! आधी एनक्लेक्स-आरएन ही तिकडची लायसन्सची परीक्षा, मग तिकडच्या एखाद्या राज्याचं लायसन्स, मग अनुभव, मग सीडीएन. आणि आखातात जायचं असेल तर मुळात त्याची गरजच नाही, दुबई सौदीला प्रोमेट्रिक या परीक्षा घेणाऱ्या कंपनीच्या सेंटरवर त्या त्या देशाची परीक्षा आणि डेटाफ्लो कंपनीकडून कागदपत्रांची पडताळणी लागते. या लोकांनी मला जी परीक्षा विकली तिचा फॉर्मसुद्धा मला भरता आला नसता.

आणि हो, मी विचारलं होतं. अगदी पहिल्या आठवड्यात विचारलं, की सर वेबसाइटवर तर लायसन्स लिहिलंय. ते हसले, म्हणाले "ते अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी हो सिस्टर, आपला इंटरनॅशनल कोटा आहे, तो वेबसाइटवर टाकत नाहीत, नाहीतर सगळं जग अर्ज करेल." आता लिहिताना हे किती फालतू वाटतंय, पण मेडिकल इंजिनिअरिंगचे कोटे बघत मोठे झालेलो आपण, कोटा म्हटलं की पटतं. कोटा नावाची कुठलीही भानगड या परीक्षेत नाही.

पण माझं डोकं ज्या गोष्टीने अजून फिरतं ती वेगळीच. रविवारी झूमवर क्लास व्हायचा आणि मॅडम "लीक झालेले" प्रश्न सोडवून घ्यायच्या. (लीक शब्द ऐकूनच उठायला पाहिजे होतं म्हणाल, पण इथे कुठल्या परीक्षेचे पेपर फुटत नाहीत ते सांगा.) एक प्रश्न आला, डायलिसिस चालू असताना पेशंटला एअर एम्बोलिझम झाला, म्हणजे रक्तात हवा गेली, तर पोझिशन काय. उत्तरात लिहिलेलं, उजव्या कुशीवर, डोकं वर. मी बघतच राहिले. अहो हे पहिल्या महिन्यात शिकवतात! पंप बंद, व्हेनस लाइन (मशीनमधून पेशंटकडे परत जाणारी नळी) क्लॅम्प, पेशंट डाव्या कुशीवर, डोकं खाली, ऑक्सिजन. डावी कूस यासाठी की हवा हृदयाच्या उजव्या बाजूलाच अडकून राहावी, फुफ्फुसाकडे जाणाऱ्या वाटेवर येऊ नये. उलट झोपवलं आणि डोकं वर केलं तर मेंदूपर्यंत जायला वाटच करून दिली. मी माइक चालू करून म्हटलं मॅडम उत्तर चुकलंय वाटतं. त्या एक सेकंद थांबल्या आणि म्हणाल्या, "ताई, आपला इंडियन प्रोटोकॉल वेगळा, अमेरिकन वेगळा, परीक्षेत अमेरिकन लिहायचं." आणि बाकीच्या मुलींनी वहीत लिहून घेतलं!

हवा ती हवा, अमेरिकेत काय उलटी वाहते? त्या एका क्षणाला कळायला हवं होतं की ही बाई डायलिसिसच्या मशीनजवळ कधी उभीच राहिलेली नाही. त्याच पानावर खाली दुसरं होतं, डायलिसिसनंतरचं युरियाचं सॅम्पल व्हेनस लाइनमधून घ्या म्हणे. व्हेनसमधून घेतलं तर साफ होऊन परत चाललेलं रक्त मिळणार, केटी बाय व्ही, म्हणजे डायलिसिस किती पुरेशी झाली त्याचा आकडा, इतका भारी येईल की पेशंटची डायलिसिसच बंद करावी लागेल. पंप कमी करून आर्टेरियल बाजूने, म्हणजे पेशंटकडून रक्त येतं त्या नळीतून घेतात हे आमच्या नवीन टेक्निशियनलाही माहीत आहे. हे सगळं माझ्या डोळ्यासमोर होतं, आणि तोवर माझे ६७,५०० जाऊन बसले होते. ६७,५०० भरल्यावर माणूस शंका घेत नाही, स्वतःची समजूत घालतो. त्यात सलग नाइट चालू होत्या, दोन स्टाफ सोडून गेलेल्या, एकीला सहा सहा मशीन, त्या अवस्थेत रविवारी दुपारी कुणी तपासणी अधिकारी बनून बसतं का? मी नाही बसले.

दुसरी खूण तर माझ्या पेशंटनेच दाखवली. आमच्याकडे मंगळ-गुरु-शनीला एक काका येतात, विक्रीकर खात्यातून रिटायर झालेले, चार तास पडल्या पडल्या सगळ्यांची चौकशी करतात. १४,७५० ची पावती मी त्यांना सहज दाखवली, १२,५०० अधिक १८ टक्के जीएसटी. चष्मा मागून घेतला, बोटाने मोजलं आणि म्हणाले, "पोरी, जीएसटी नंबर १५ अक्षरी असतो, यात १४च आहेत." मी म्हटलं छपाईत राहिलं असेल काका. ते काही बोलले नाहीत. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून बघायला अर्धं मिनिट लागतं, फुकट, लॉगिनही लागत नाही. तुम्ही बघा. महाराष्ट्राचा २७ ने सुरू होतो, आणि नाव जुळलं तरी पत्ता पण जुळवा.

३१,४०० ची तऱ्हा अशी, की डॉलरचा भाव रोज बदलतो, आज संध्याकाळपर्यंत भरा नाहीतर वाढेल. पैसे कुठे, तर कुठल्यातरी तिसऱ्याच माणसाच्या युपीआयवर, म्हणे अकाउंटंट. परीक्षेची फी थेट परीक्षा घेणाऱ्या संस्थेला, तिच्याच वेबसाइटवर, आपणच आपल्या नावाने लॉगिन करून भरायची असते. मधला माणूस "मी भरतो" म्हणाला की तिथेच थांबा.

मग हॉल तिकीट आलं, पीडीएफ, त्यावर शिक्का, फोटो, बाणेरच्या एका कॉम्प्युटर सेंटरचा पत्ता. ऑफ मिळेना म्हणून ड्युटी बदलून घेतली. सेंटरवरच्या मुलाने कागद उलटसुलट करून बघितला, म्हणाला "मॅडम आज इथे बँकेची परीक्षा आहे, हे असलं काही आमच्याकडे नसतं." तिथे माझ्यासारख्या अजून तीन मुली उभ्या होत्या, एक सोलापूरहून रात्रीच्या गाडीने आलेली. सरांचा फोन बंद. मॅडमचा डीपी गायब. सदाशिव पेठेत गेलो तर कुलूप, शेजारच्या अभ्यासिकेतली पोरं म्हणाली भाडं थकवून गेलेत, मालकही शोधतोय.

इथून पुढची कहाणी वेगळी.

जवळच्या चौकीत गेले. म्हणाले क्लास ज्या हद्दीत आहे तिथे जा. तिथे गेले तर म्हणाले पैसे ऑनलाइन गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणाले तुम्ही स्वतः क्लासला जाऊन बसलात, शिकवलं त्यांनी, हा ऑनलाइन फ्रॉड कुठे, हा दिवाणी व्यवहार आहे, कन्झ्युमर कोर्टात जा. म्हणजे रस्त्यावर माझी पर्स मारली तर गुन्हा, आणि पावती देऊन मारली तर व्यवहार. एका साहेबांनी मला विचारलं, "डायलिसिस म्हणजे किडनी काढतात तेच ना?" आणि वर "तुम्ही तर शिकलेल्या दिसता." हे वाक्य मी इतक्या तोंडांतून ऐकलंय की आता कुणी म्हटलं तर हात उचलला जाईल. बीएनएसएस, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेला नवा कायदा, त्याचं कलम १७३ स्पष्ट सांगतं की हद्द न बघता तक्रार नोंदवायची, झिरो एफआयआर. फसवणूक बीएनएस (आयपीसीच्या जागी आलेला कायदा) ३१८(४) मध्ये येते, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. हे मला वकील असलेल्या मावसभावाने कागदावर लिहून दिलं, तो कागद समोर ठेवला तर साहेब म्हणाले "कायदा आम्हाला शिकवू नका." मग तक्रार अर्ज घेतला, एफआयआर नाही, नुसता अर्ज, त्यावर शिक्का मारून घ्यायला पण दोन तास बाकावर. चौकशी चालू आहे. कुठे चालू आहे देव जाणे.

बँकेत गेले. तिथली मुलगी स्क्रीनकडे बघत म्हणाली ट्रान्झॅक्शन तुम्हीच ऑथराइज केलंय, पिन तुमचाच, आमची जबाबदारी नाही. समोरचं खातं कुणाचं ते सांगा म्हटलं तर प्रायव्हसी. चोराला प्रायव्हसी आहे, मला नाही. नर्सिंगच्या सरकारी कचेरीत फोन केला तर खाजगी क्लास आमच्या अखत्यारीत येत नाहीत. मग कुणाच्या येतात? या शहरात रिक्षाला परमिट लागतं, वडापावच्या गाडीला लायसन्स लागतं, आणि कुणीही खोली भाड्याने घेऊन अमेरिकेची परीक्षा विकू शकतो.

१९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, तिच्याबद्दल एकच. तो नंबर पैसे गेल्या गेल्या लावायचा असतो, तेव्हा रक्कम पुढे सरकायच्या आत गोठवता येते. माझा पहिला हप्ता जाऊन महिने झाले होते, खात्यात काय राहणार. तरी शेवटचे ८,००० ताजे होते म्हणून सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळालाय. तुम्हाला नुसता संशय आला असेल तरी वाट बघू नका, लाजू तर अजिबात नका. मी लाजले तेवढ्या वेळात पैसे तीन खाती फिरले असतील.

आमच्या युनिटमधल्या एका ज्युनियरनेही २,५०० भरले होते. मी तिला भर म्हटलं नव्हतं, माझं बघून तिने भरले, पण आता जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलवर बसत नाही.

अजून एक, क्लासवाल्यांनी ओरिजिनल मार्कशीट आणि कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मागितलं होतं, पडताळणीसाठी. मी कलर झेरॉक्स दिली, ओरिजिनल माझ्या कपाटात आहेत. सोलापूरच्या मुलीने ओरिजिनल दिलीत. कागद कधीच सोडू नका, कुणालाही. आणि नोकरी लावून देतो म्हणणारा एजंट असेल तर ई-मायग्रेट या सरकारी वेबसाइटवर त्याचं नाव आहे का बघा, नोंदणीकृत एजंटला सर्व्हिस चार्ज म्हणून ३०,००० आणि त्यावर जीएसटी, याच्या वर घेता येत नाही.

परवा एक नवीन फोन आला, "तुमचे पैसे परत मिळवून देतो, फाइल चार्ज ५,९९९." माझ्याकडून किती गेले तो आकडाही त्याला पक्का माहीत होता, म्हणजे यादी त्यांनीच पुढे विकली. त्याला काय बोलले ते इथे लिहिता येणार नाही.

कन्झ्युमर कमिशनची तयारी चालू आहे, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी लागत नाही. बाणेरला भेटलेल्या आम्ही चौघी एकत्र अर्ज करणार आहोत. तुमच्यापैकी कुणी याच क्लासला पैसे भरले असतील तर आजच्या आज चॅट एक्सपोर्ट करून स्वतःच्या ईमेलला पाठवा, कारण त्यांनी ग्रुपवर मेसेज आपोआप उडण्याचं सेटिंग लावलंय. युपीआयच्या प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) लिहून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट पोलीस धरत नाहीत. झूमचं रेकॉर्डिंग कुणाकडे असेल, विशेषतः तो एअर एम्बोलिझमवाला रविवार, तर मला ते हवंय, मेसेज करा.